किती मांगचं?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या वृत्तपत्रात संगणकावर जुळणी सुरू झाली. यंत्र बसवायला आलेल्या तरुणाने आम्हा सगळ्यांना पडद्यासमोर उभे केले. एक ओळ टाइप केली, तिच्यातला एक शब्द बदलला आणि मग एक कळ दाबली. बदललेला शब्द नाहीसा झाला, आधीचा परत आला. मंडळींना गंमत वाटली. मी विचारले, "किती मागे जाता येतं?"

"एकच," तो म्हणाला. "शेवटचा बदल तेवढा. त्याच्या मागचं पाहिजे असेल तर जुनी प्रत आधीच वेगळी राखून ठेवावी लागते."

हा प्रश्न मूळचा माझा नव्हता. तो आमच्या जुळणी विभागाच्या फोरमनचा होता. त्यांनी तो एका दुपारी मला विचारला होता आणि मी तो एका बाईला विचारला होता.

सत्तरच्या दशकात मी निवेदनांच्या टेबलावर होतो. निधन, पुण्यस्मरण, हरवले, सापडले, नावात बदल, यांची प्रुफे मूळ मजकुराशी ताडून पाहणे हे काम. काम सकाळी सुरू होई आणि संध्याकाळच्या आत संपे. कार्यालय रामदासपेठेत होते. वर आम्ही, खाली जुळणी विभाग. तिथे लाकडी घोड्यांवर खिळ्यांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे, खण मांडलेले असत आणि जुळारी उभ्याने एकेक अक्षर वेचून ओळी जुळवत. छापून झाले की मजकूर मोडायचा आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे, असा नियम होता. खिळे मोजकेच होते. आजचा मजकूर मोडल्याशिवाय उद्याचा उभा राहत नसे.

या नियमाला फोरमनने एक अपवाद ठेवला होता. दरवर्षी त्याच दिवशी येणाऱ्या जाहिराती ते मोडू देत नसत. पुण्यस्मरणाच्या जाहिरातीत वर्षाचा आकडा तेवढा बदलतो, बाकी मजकूर तोच असतो. तो आख्खा मजकूर सुतळीने बांधून मागच्या फळीवर ठेवलेला असे. एवढे इतर छापखान्यांतही करत. आमच्या फोरमनची सवय याच्या एक पाऊल पुढची होती. बदल करताना जी ओळ काढली जाई, तीसुद्धा ते मोडत नसत. प्रुफाच्या रद्दी कागदात गुंडाळून त्याच गाठोड्यात खाली ठेवत. पुढच्या वर्षीची काढलेली ओळ तिच्यावर. असे थर साचत जात.

"लोकं बदलवाले लावतात," ते म्हणत, "अन् मंग येऊन सांगतात, पयलंच बरं होतं."

त्यावरून कार्यालयात एक शेरा रूढ झाला होता. केलेला बदल काढून आधीचे परत आणायचे असेल तर प्रुफाच्या कडेला लिहायचे, 'मागचे लावा'. त्याचा अर्थ ठरलेला होता. गाठोड्यातली सगळ्यात वरची पुडी उघडायची आणि तीच लावायची. एकच पाऊल मागे.

फळीवर पुण्यस्मरणाचीच गाठोडी जास्त होती. 'हरवला आहे' या प्रकारातले एकच होते. हरवलेल्यांची जाहिरात लोक एकदोनदा देतात, मग थांबतात. ही जाहिरात दरवर्षी येई, मुलगा घरातून गेला त्या तारखेला. घर सक्करदऱ्याच्या तलावाजवळचे. आई आणि थोरला मुलगा जाहिरात द्यायला येत. थोरला हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर होता. आई जुनी नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी. तिला वाचता येत नव्हते. आदल्या वर्षीचे कात्रण ती पिशवीतून काढून टेबलावर ठेवी आणि म्हणे, "हेच."

मजकूर असा होता. 'वरील छायाचित्रातील मुलगा, वय १९, रंग सावळा, अंगात निळ्या चौकड्यांचा सदरा, डाव्या भुवईवर जुनी खूण, घरातून न सांगता निघून गेला आहे. बाळा, असशील तेथून निघून ये. तुला कोणी काही म्हणणार नाही.' खाली घराचा पत्ता.

दरवर्षी थोरला वयाची ओळ बदलून घेई. वीस, एकवीस, बावीस. काढलेली वये फोरमन पुड्यांत बांधून ठेवत. वय वाढत होते, सदरा मात्र तोच होता. छायाचित्राचा जस्ताचा ठोकळाही तोच. तो दर छपाईला थोडा झिजे. शेवटी शेवटी चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग उमटू लागला आणि सदऱ्याच्या चौकड्या तेवढ्या ठळक राहिल्या. ठोकळा नवा करू, असे मी सुचवले होते. त्यासाठी मूळ छायाचित्र लागते. घरात होते ते एकच, आणि ते आई हातातून सोडायला तयार नव्हती.

एका वर्षी थोरला एकटा आला. त्याने जाहिरात बदलायची आहे म्हणून सांगितले.

"वय ना?" मी विचारले.

"नाही साहेब. सगळीच. श्रद्धांजलीची करून द्या."

"काही कळलं का त्याचं?"

"कळाचं काय आहे?" तो म्हणाला. "इतके वर्षं झाले. आमची चाळ पाडून राहिले. मालकानं सगळ्यायले खाली कराले सांगतलं. मले हिंगण्याले खोली भेटली, पण माय हालत नाही. म्हणते, पेपरात पत्ता इथचा छापला आहे, पोरगं येईन अन् घर नाही दिसन त काय करन? आता मी तिले काय सांगू?"

आईला विचारले आहे का, असे मी विचारले नाही. निवेदन देणारा सज्ञान होता, मुलाचा सख्खा भाऊ होता, अर्जावर सही होती. टेबलाचे काम तिथे संपते.

जाहिरात लागली. ठोकळा तोच, भोवती काळी चौकट, खाली नावाआधी 'कै.' आणि दोन ओळी. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला पेपर हातात घेऊन जिना चढून आला. तो चिडलेला होता, पण आवाज खाली ठेवून बोलत होता.

"साहेब, हे काय लावलं? आम्ही बौद्ध आहो. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्यात कोनी कैलासाले जात नाही. कालकथित लिहा लागते."

त्याचे बरोबर होते. आमच्याकडे निधनाचा एक साचा ठरलेला होता आणि जुळाऱ्याचा हात 'कै.' वर आपोआप जाई. नागपुरात हे वरचेवर होई आणि दरवेळी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लागे. हीही लागली. 'कै.' ची ओळ निघून 'कालकथित' ची ओळ बसली. 'कै.' पुडीत गेला.

दुरुस्ती छापून आली त्याच दुपारी आई आली. बरोबर थोरला होता, पण तो वर आला नाही. खाली फाटकाजवळ सायकल धरून उभा राहिला. ती माझ्या टेबलासमोर बसली. तिला कसे कळले ते तिनेच सांगितले. ती ओट्यावर भांडी घासत होती. शेजारची बाई पदर डोक्यावर घेऊन आली आणि जवळ बसून म्हणाली, "लय वाईट झालं वं माय." हिला वाटले, तिच्याच घरी काही झाले असेल. हिने तिलाच विचारले, "कोन गेलं वं?"

मला ती म्हणाली, "भाऊ, मले वाचता नाही येत. पण माह्या पोराले येते. तो रोज पेपर वाचे. पयल्या पानापासून. आताही वाचत असन, असन तिथं."

मी म्हटले, "हो."

"मंग त्यानं वाचलं असन का नाही? सोताले मेलेला वाचन तो. मंग तो घरी येईन काय? तुम्ही आले असते काय?"

मी तिला कामाची रीत समजावून सांगितली. छापलेला अंक परत घेता येत नाही. तो घरोघरी गेलेला असतो. मागे जायचे म्हणजे एवढेच की, उद्या दुसरा मजकूर छापायचा. कालचा तसाच राहतो, आजचा त्याच्यापुढे येतो.

"पुढचं मले नको," ती म्हणाली. "मांगचं लावा."

मी खिडकीतून थोरल्याकडे पाहिले. त्याने वर पाहून हात हलवला. "लावा साहेब," तो खालून म्हणाला, "तिले पाहिजे ते लावा."

मी शेवटच्या प्रुफावर शेरा लिहिला. 'मागचे लावा.' शिपायाने प्रूफ खाली नेले. ती बसून राहिली. छापायच्या आधी पाहून जाते, म्हणाली. थोड्या वेळाने नवे प्रूफ ओल्या शाईसकट वर आले. मी वाचायच्या आधीच तिने ते ओढून घेतले. अक्षरे तिला लागत नव्हती, पण चौकट दिसत होती.

"हे काळं काहून आहे अजून?"

मी वाचले. 'कालकथित' गेले होते. त्या जागी 'कै.' परत आला होता. फोरमनने शेऱ्याप्रमाणेच केले होते. वरची पुडी उघडली, तीच लावली. कोणाचीही चूक नव्हती. तो मुलगा दोन दिवसांत एकदा एका रीतीने आणि एकदा दुसऱ्या रीतीने मेला होता, आणि आम्ही त्याला पहिल्या रीतीवर नेऊन ठेवले होते.

मी खाली गेलो. गाठोडे दगडी टेबलावर सुटलेले होते आणि पुड्या ओळीने मांडलेल्या होत्या. फोरमन चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मांगचं म्हणजे किती मांगचं? हे पाहा, इथं कालकथित. इथं कैलासवासी. हे मांगच्या साली हरवला, वय हे. हे त्याच्या मांगं. सगळ्याच्या खाली एकोनीस. कोन्तं लावू? तेवढं सांगा."

मी वर येऊन तिला विचारले, "किती मागचं?"

तिने वेळ घेतला नाही. "पयलं," ती म्हणाली. "सगळ्यात पयलं होतं ते."

पहिल्या मजकुराचे प्रूफ वर आले तेव्हा त्यात वय एकोणीस होते. मी ते तिच्या लक्षात आणून दिले. आता तो तिशीच्या पुढे असेल, निदान वयाची ओळ तरी आजची घालू, असे सांगितले.

ती म्हणाली, "मी पाह्यला तवा एकोनीसचाच होता. राहू द्या."

मी 'छापा' लिहून सही केली.

ती जाहिरात छापून आली त्या दिवशी दुपारी एक माणूस कार्यालयात आला. कॉटन मार्केटच्या बाजूला त्याची चहाची टपरी होती. गिऱ्हाइकांसाठी तो आमचा पेपर घेई. त्याने जाहिरातीवर बोट ठेवून सांगितले, "हा पोरगा माह्या टपरीवर आला होता."

अशी माणसे दर 'हरवला'च्या जाहिरातीनंतर येत. काहींना बक्षिसाची आशा असे, काही खरेच फसलेली असत. याने बक्षिसाचे विचारले नाही. मी त्याला विचारले, कधी आला होता. तो म्हणाला, काळ्या चौकटीत फोटो पहिल्यांदा आला त्या दिवशी. सकाळी. मी त्याला पुढचे काही विचारले नाही. उद्या याच वेळी या, घरचे लोक येतील, त्यांच्यासमोर सांगा, एवढेच म्हटले. आधी मला सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना माणूस ती नीटनेटकी करतो, हे टेबलावर शिकलो होतो. घरी निरोप पाठवला.

दुसऱ्या दिवशी तिघे माझ्या टेबलाशी जमले. टपरीवाला मधे, आई समोर, थोरला भिंतीला टेकून उभा. फोरमनही काहीतरी निमित्त काढून वर आले होते.

"कसा होता?" थोरल्याने विचारले.

"निळ्या चौकड्याचा सदरा. इथं खून," टपरीवाल्याने भुवईवर बोट नेले. "एकोनीस-वीसचा असन."

थोरला हसला. "दादा, हे तं सगळं पेपरातच आहे. माहा भाऊ माह्याहून दोन वर्षानं लहान. माह्याकडं पाहा. एकोनीसचा दिसतो काय मी?"

"हे मी काल वाचलं," टपरीवाला म्हणाला. "पोरगा त्याच्या आंधी आला. मंग मी पेपरातून कसा घेतला?"

"कोनी दुसरा असन."

"असन. मी कुठं म्हणतो नाही? मी चहा विकतो बाबू, फोटो काढत नाही."

आईने थोरल्याला हाताने गप्प केले. तिने विचारले, "चहा कशात पेला त्यानं?"

"गिलासातच देतो मी. पण त्यानं बशी मांगतली. टपरीवर कुठची बशी? माह्या डब्याचं झाकन देल्लं. त्यात वतला. झाकन बाकावर ठेवलं अन् सोताच वाकला. उचललं नाही."

थोरला भिंतीपासून सरळ झाला. आई मात्र मान हलवत होती, जणू कोणी तिला हिशेब वाचून दाखवतो आहे आणि तो जुळतो आहे.

"अन् पेपर वाचला?"

"वाचला ना. पयल्या पानापासून. मंग हा फोटो आला तं तिथंच थांबला. बम वेळ पाहत राह्यला. मी म्हटलं, काहून गा, वळखीचा होता काय? तं म्हणे, हो."

"अन्?"

"अन् म्हणे, हे चुकीचं छापलं."

आई पुढे झुकली. "म्हटलं त्यानं? चुकीचं आहे म्हणे?"

"हो. मी इचारलं, काय चुकीचं? मेला नाही काय हा?" टपरीवाल्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. आपण काय सांगत आहोत याची त्याला कल्पना नव्हती, असे मला वाटले आणि अजूनही वाटते. "तं म्हणे, ते नाही. आमच्यात कैलासवासी नसते. एवढंच म्हटलं त्यानं. पैसे ठेवले अन् गेला. मले समजलं नाही. मीच तुम्हाले इचारतो साहेब, काहून नसते?"

खाली छपाईचे यंत्र चालू होते आणि त्याने टेबल बारीक थरथरत होते.

नोंद म्हणून लिहितो. घर बौद्ध असल्याचे त्या जाहिरातीत कुठे लिहिलेले नव्हते. आडनावावरून तर्क करता येतो, हे खरे. दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'कालकथित' आले होते आणि ते टपरीवाल्याने वाचलेले असू शकते, हेही खरे. बशीची गोष्ट मात्र कोणत्याच अंकात नव्हती. थोरल्याने जिना उतरताना मला सांगितले, लहानपणी भावाचा उजवा हात चहाने भाजला होता. तेव्हापासून तो कप उचलत नसे, बशी खाली ठेवून वाकून पीत असे.

पण ते नंतर. त्या वेळी आईने टपरीवाल्याला पुन्हा विचारले, "मेला नाही, असं नाही म्हणे तो?"

"नाही."

"फक्त ते अक्षर चुकलं म्हणे."

"हो माय. तेवढंच."

तिने पिशवी उघडली. आत कात्रणांची चळत होती. सगळ्यात वर आदल्या दिवशीची जाहिरात, वय एकोणीस. तिने ती काढली, पाहिली आणि माझ्यासमोर ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "मांगचं लावा."

फोरमन दाराशी उभे होते. त्यांनी नेहमीच्या आवाजात विचारले, "किती मांगचं?"

"एकच," ती म्हणाली. "माह्या मोठ्यानं सुधरवून घेतलं होतं ते. पोराच्या मनासारखं."

थोरला म्हणाला, "माय, राहू दे आता. छापलं ते छापलं."

"तू काहून घाबरतं रे?" ती त्याला म्हणाली. "तूच तं छापलं होतं."

फोरमनला पुड्या हुडकाव्या लागल्या. कारण गाठोडे दोनदा सोडले-बांधले होते आणि क्रम बिघडला होता. 'कालकथित' ची ओळ सापडली. काळ्या चौकटीच्या पट्ट्या परत बसल्या. प्रूफ वर आले तेव्हा आईने चौकटीवरून बोट फिरवले. शाई ओली होती, बोट काळे झाले. तिने ते पदराला पुसले नाही.

"आता बरोबर आहे?" तिने मला विचारले.

मी वाचून दाखवले. तिने मान हलवली. मग तिने फोरमनला विचारले, पहिले जे एकोणीसचे होते ते मोडणार का. फोरमन म्हणाले, आम्ही मोडत नाही, खाली बांधून ठेवतो.

"ठेवा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सक्करदऱ्याचे घर सोडले. कारखान्याच्या बसच्या टपावर सामान नेले, असे थोरल्याने सांगितले. तो दरवर्षी त्या तारखेला पुण्यस्मरणाची जाहिरात देत राहिला. आई पुन्हा आली नाही. टपरीवाल्याकडे मी मधूनमधून चहा प्यायला जाई. तो मुलगा परत आला नाही. डब्याचे झाकण मात्र टपरीवाल्याने बाकाशेजारी ठेवून दिले होते. त्यात तो कोणाला चहा देत नसे.

संगणक आले तेव्हा खिळे वितळवायला गेले. फळीवरची गाठोडीही गेली. फोरमन तेव्हा निवृत्त झाले होते. त्याआधी मी त्या मुलाचे गाठोडे शोधून बाजूला काढले आणि सोडले. वीसपासून पुढची वये पुड्यांत होती. 'कै.' होता. वरच्या मजकुरात ठोकळा, चौकट आणि 'कालकथित' होते. सगळ्यात खालची पुडीही होती, सुतळीने नीट बांधलेली. ती उघडली तर कागद रिकामा होता. एकोणीस ही ओळ तिच्यात नव्हती.

कोणीतरी कधीतरी ती मोडून खिळे खणात टाकले असतील. त्या अक्षरांची टंचाई नेहमीच असे.